पाच क्रेट गेले कुठे? पर्लमधले पॅटर्न दुरुस्त करायला शिकताना

रविवारी सकाळी भाच्याचा फोन. तो नागपूरला कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे संध्याकाळी हिशेबाचं काम करतो आणि दिवसा कॉलेजात जातो. "मामा, वहीत एकशे पंचवीस क्रेट आहे अन् माही स्क्रिप्ट एकशे वीसच सांगून राहिली. पाच क्रेट गेले कुठी?" मी म्हटलं, लॅपटॉप घेऊन ये, पोहे इथेच खा.

त्या दिवशी आम्ही जे केलं तेच इथे क्रमाने लिहितो आहे. पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा नुकतीच हाती घेतलेल्या आणि रेगेक्सशी (म्हणजे मजकुरात हवं ते शोधायच्या पॅटर्नशी) झटापट करणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल. कोडातले इंग्रजी शब्द मी फोनवर सांगावे तसे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत (इफ, माय, स्प्लिट). टाइप करताना ते अर्थातच इंग्रजीत करायचे. व्हेरिएबलची नावं मात्र मराठीतच ठेवली आहेत आणि ती तशीच चालतात. कशी, ते पुढे येईलच.

आमची फाइल साधारण अशी होती (आकडे नमुन्याचे):

एमएच-31|काटोल|संत्रा (मोठा)|40 क्रेट|1,250|शेतकऱ्याकडून
एमएच-40|नरखेड|संत्रा|४५ क्रेट|९००|व्यापाऱ्याकडून
एमपी-28|पांढुर्णा|संत्रा|40 क्रेट|1,100|शेतकऱ्याकडून

गाडी, गाव, माल, नग, भाव, कुणाकडून. गाडीचं एमएच, एमपी फाइलीतही असं देवनागरीतच आहे. नीट पाहिलंत तर दुसऱ्या ओळीतले आकडे देवनागरी आहेत. ती ओळ दुसऱ्या मुनीमजींनी भरलेली. हे आम्हाला त्या वेळी दिसलं नव्हतं, तुम्हाला आधीच सांगून टाकलं.

सगळ्यात आधी चार ओळी

स्क्रिप्टच्या डोक्यावर या चार गोष्टी नसतील तर पॅटर्नला हातच लावू नका:

यूज स्ट्रिक्ट;
यूज वॉर्निंग्ज;
यूज यूटीएफ8;
यूज ओपन क्यूडब्ल्यू(:एसटीडी :एन्कोडिंग(यूटीएफ-8));

पहिल्या दोन सगळेच सांगतात. भाच्याने वॉर्निंग्ज बंद ठेवल्या होत्या. का, तर "लय ओरडते ते". अहो, ओरडते म्हणूनच हवी.

तिसरी आणि चौथी ओळ यांत नवशिक्यांचा हमखास घोळ होतो. तिसरी ओळ पर्लला एवढंच सांगते की ही स्क्रिप्ट, म्हणजे कोड स्वतः, यूटीएफ-8 मध्ये लिहिला आहे. तिच्यामुळेच $ओळ, $भाव अशी नावं चालतात. बाहेरून वाचलेल्या फाइलशी तिचा काही संबंध नाही. ते काम चौथीचं: उघडलेल्या फाइलमधून आलेले बाइट अक्षरांत बदलायचे आणि छापताना परत बाइट करायचे. फक्त तिसरी लिहिली तर पॅटर्न अक्षरांचा आणि माल बाइटचा अशी जोडी होते, आणि "संत्रा" कधीच जुळत नाही. दोन्ही नसल्या तर गंमत म्हणजे साधा शब्द जुळतो, कारण दोन्हीकडे बाइटच असतात. त्यामुळे माणूस गाफील राहतो. मग [०-९] असा गट लिहिला की त्याचे बाइट सुटे होतात, आणि जवळपास कुठलंही देवनागरी अक्षर त्यात अडकतं.

खात्री करायची सोपी युक्ती: "संत्रा" या शब्दाची लेंग्थ छापा. ६ आली तर ठीक. स, अनुस्वार, त, हलंत, र, काना असे सहा. १८ आली तर पर्ल अजून बाइटच मोजतो आहे, कारण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. यावरून हेही लक्षात येईल की पॅटर्नमधला टिंब एक चिन्ह खातो, आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नाही. "सं" खायला दोन टिंबं लागतात.

ओळ कंसात घालून बघा

पॅटर्न जुळला नाही की सगळे पॅटर्नकडे टक लावून बसतात. मी आधी ओळ बघतो. तीही कंसात घालून:

प्रिंट "[$ओळ]\एन";

दोन्ही कंस जागेवर दिसले पाहिजेत. शेवटचा कंस खालच्या ओळीवर गेला असेल तर चॉम्प (ओळीच्या शेवटचं न्यूलाइन काढणारी आज्ञा) राहिला आहे. सुरुवातीचा कंस गायब आणि त्याच्या जागी बंद होणारा कंस दिसला, म्हणजे ओळ ]एमएच-31 अशी सुरू झाली, तर फाइल विंडोजवरून आली आहे. तिथे ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन अशी दोन चिन्हं असतात. लिनक्सवर चॉम्प त्यातलं न्यूलाइन काढतो आणि कॅरेज रिटर्न मागे उरतं. ते कर्सर परत ओळीच्या सुरुवातीला नेतं, म्हणून शेवटचा कंस पहिल्यावर चढून बसतो. आणि म्हणूनच /शेतकऱ्याकडून$/ जुळत नाही: पॅटर्नमधला डॉलर म्हणजे ओळीचा शेवट, आणि तो न्यूलाइनला सवलत देतो, कॅरेज रिटर्नला नाही. चॉम्पऐवजी हे वापरा, दोन्ही प्रकार निघतात:

$ओळ =~ एस/\आर\झेड//;

यातला आर कॅपिटल, झेड लहान. पर्ल ५.१० पासून हे चालतं.

दुसरं एक भूत आहे ते कंसांनीही दिसत नाही. बाकी सगळ्या ओळी जुळतात, फक्त पहिलीच /^एमएच/ ला जुळत नाही. एक्सेलमधून "सीएसव्ही यूटीएफ-8" म्हणून फाइल काढली की एक्सेल तिच्या अगदी सुरुवातीला बीओएम नावाचं अदृश्य चिन्ह टाकतं. पहिल्या रकान्याची लेंग्थ छापा: "एमएच-31" ची सात यायला हवी. आठ आली तर तेच. पहिल्या ओळीतून ते चिन्ह (युनिकोड एफईएफएफ) काढून टाका.

बरोबरीची तीन चिन्हं

हे पटकन उरकतो, कारण एकदा कळलं की पुन्हा चुकत नाही.

एकच = लिहिलंत, जसं इफ ($ओळ = /संत्रा/), तर पर्ल पॅटर्न तुमच्या ओळीवर नाही, $_ (पर्लचं न सांगता वापरलं जाणारं व्हेरिएबल) वर लावून बघतो, आणि जे उत्तर येईल ते $ओळ मध्ये भरतो. म्हणजे ओळ गेली ती गेलीच. == लिहिलंत तर ती आकड्यांची तुलना. "संत्रा" आणि "मोसंबी" दोन्हींचा आकडा शून्य, म्हणून पर्लच्या लेखी संत्रा आणि मोसंबी एकच. वॉर्निंग चालू असेल तर == ला तो कुरकुर करतो, = ला मात्र $_ मध्ये काही भरलेलंच नसेल तरच. पॅटर्नसाठी =~ आणि शब्द तंतोतंत ताडायचा तर ईक्यू.

उभी रेघ आणि तिची मंडळी

स्प्लिट /|/, $ओळ असं लिहून भाच्याने रकाने पाडले होते आणि रकाने पडले असे: ए, म, ए, च... पॅटर्नमध्ये उभ्या रेघेचा अर्थ "किंवा". तिच्या दोन्ही बाजूंना काहीच नाही, म्हणजे "काहीच नाही किंवा काहीच नाही". ते प्रत्येक चिन्हाच्या मध्ये सापडतं. /\|/ लिहा. स्लॅशऐवजी अवतरणात '|' लिहून सुटका होत नाही, स्प्लिट त्यालाही पॅटर्नच समजतो. आणि शेवटी -1 द्या:

माय @रकाने = स्प्लिट /\|/, $ओळ, -1;

नाहीतर शेवटचे रिकामे रकाने स्प्लिट चुपचाप गाळतो. "कुणाकडून" कोरं असलं की रकाने पाचच निघतात.

याच रेघेची दुसरी खोडी मला जास्त धोक्याची वाटते. महाराष्ट्रातल्या, त्यातही नागपूरच्या गाड्या वेगळ्या काढायच्या होत्या. शहराच्या ३१ आणि ४९, ग्रामीणच्या ४०. भाच्याने लिहिलं:

/^एमएच-31|40|49/

यात पांढुर्ण्याची एमपी-28 सुद्धा नागपूरची ठरली! कारण पर्लने ते असं वाचलं: सुरुवातीला "एमएच-31" असेल, किंवा कुठेही "40" असेल, किंवा कुठेही "49" असेल. पांढुर्ण्याच्या ओळीत ४० क्रेट आहेतच. "किंवा" आपल्या बाजूचं सगळं ओढून घेतं, त्याला कंसाचं कुंपण घालावं लागतं:

/^एमएच-(?:31|40|49)\|/

?: म्हणजे हा कंस फक्त गटासाठी, आतलं लक्षात ठेवू नकोस. शेवटची \| मी मुद्दाम घातली, नाहीतर "एमएच-400" असं चुकून टाइप केलेलंही पास होईल.

कंसाचा विषय निघालाच आहे तर: शोधायचा माल $माल मध्ये "संत्रा (मोठा)" असा होता आणि /$माल/ जुळत नव्हतं. साहजिक आहे, पॅटर्नमधले कंस गट करतात, स्वतः जुळत नाहीत. म्हणजे पर्ल शोधत होता "संत्रा मोठा". व्हेरिएबलच्या आधी बॅकस्लॅश-कॅपिटल-क्यू आणि नंतर बॅकस्लॅश-कॅपिटल-ई लावा, म्हणजे आतली सगळी चिन्हं साधी होतात. बाहेरून आलेला मजकूर पॅटर्नमध्ये घालताना हे न विसरता करा. कुणी अर्धाच कंस टाइप केला तर स्क्रिप्ट जागेवर मरते.

हावरट अधिकचिन्हही इथेच. /^(.+)\|/ लिहून पहिला रकाना मागितला तर मिळतं गाडीपासून भावापर्यंत सगळं, कारण .+ शेवटच्या रेघेपर्यंत ताणतो. /^([^|]+)\|/ म्हणा: रेघ सोडून काहीही. चौकोनी कंसात रेघ साधी असते, तिला बॅकस्लॅश नको. .+? हाही उपाय सांगतात, पण मला "काय नको" ते स्पष्ट सांगणारा पॅटर्न जास्त आवडतो. सहा महिन्यांनी वाचतानाही तो कळतो.

आता ते पाच क्रेट

एवढं सगळं झाल्यावरही बेरीज १२० च होती. तोवर पोह्यांवरची तर्री गार झाली होती. मूळ कोड असा:

$ओळ =~ /^एमएच-([0-9]+)/;
$गाडी = $1;
$ओळ =~ /([0-9]+) क्रेट/;
$नग = $1;
$एकूण += $नग;

दिसायला काही वावगं नाही. मी त्याला म्हटलं, बेरीज नको, प्रत्येक ओळीचा $नग छाप. आलं: ४०, ४०, ४०. नरखेडच्या गाडीत तर पंचेचाळीस होते.

झालं असं. दुसऱ्या ओळीवर पहिला पॅटर्न जुळला आणि $1 मध्ये (पॅटर्नच्या पहिल्या कंसाने पकडलेलं इथे येतं) आलं 40, गाडीच्या नंबरातलं. मग दुसरा पॅटर्न लावला. फाइलमध्ये "४५" देवनागरीत, पॅटर्न मागतो [0-9]. जुळला नाही. आणि पर्लचा नियम असा की पॅटर्न फसला तर $1 पुसला जात नाही. त्याच ब्लॉकात आधी जे यशस्वीपणे जुळलं त्याचंच राहतं. म्हणून एमएच-40 मधले चाळीस, चाळीस क्रेट होऊन बेरजेत बसले. वॉर्निंगही नाही, कारण 40 हा चांगला खणखणीत आकडा आहे. गाडी एमएच-31 असती तर बेरीज चौदाने चुकली असती. चाळीस होती म्हणून चूक इतकी लहान राहिली की हिशेबात पाच क्रेट इकडेतिकडे म्हणून सोडूनही दिली असती. असली चूक मला क्रॅश होणाऱ्या स्क्रिप्टपेक्षा भयंकर वाटते.

नियम एकच: पॅटर्न जुळला का हे विचारल्याशिवाय $1 ला हात लावायचा नाही.

इफ ($ओळ =~ /([0-9]+) क्रेट/) {
    $एकूण += $1;
} एल्स {
    वॉर्न "नग सापडले नाहीत: [$ओळ]\एन";
}

एल्स गाळू नका. हे चालवल्यावर बेरीज ८० झाली आणि नरखेडची ओळ पडद्यावर आली. भाचा म्हणाला, "हे तं अजून बिघडलं." मी म्हटलं, नाही रे, आता ती खरं बोलून राहिली.

ही छोटी वाट पाहून काही जण लिहितात:

माय $नग = $ओळ =~ /([0-9]+) क्रेट/;

आणि प्रत्येक ओळीत नग येतो 1. डावीकडे एकटं व्हेरिएबल असलं की पर्ल "जुळलं का" एवढंच सांगतो, आणि हो म्हणजे 1. नगाला कंसात घाला, माय ($नग) = असं, मग पकडलेला मजकूर मिळतो; न जुळल्यास अनडेफ, म्हणजे काहीच नाही. तोही तपासायचाच.

देवनागरी आकडे

आता साहजिकच भाच्याने [0-9] च्या जागी बॅकस्लॅश-डी टाकलं. वरच्या चार ओळी असल्या की बॅकस्लॅश-डी देवनागरी आकडेही ओळखतो. "४५" जुळलं, एल्समधली तक्रार थांबली, आणि बेरीज? पुन्हा ८०. सोबत वॉर्निंग: आर्ग्युमेंट इझन्ट न्यूमरिक. पॅटर्नला ४५ हे अंक म्हणून कळतात, पण बेरीज करणाऱ्या पर्लला फक्त 0 ते 9 कळतात. त्याच्या लेखी "४५" म्हणजे शून्य. वॉर्निंग बंद असती तर आम्ही पुन्हा अंधारात गेलो असतो.

म्हणून आकडे आधी एका लिपीत आणायचे, ओळ वाचल्या वाचल्या:

$ओळ =~ टीआर/०-९/0-9/;

टीआर हा पॅटर्न नव्हे, एकास एक अदलाबदल आहे. देवनागरी अंक युनिकोडमध्ये ओळीने लागून आहेत म्हणून ०-९ असा पल्ला देता येतो. यानंतर मी परत [0-9] च वापरतो. बॅकस्लॅश-डी बंगाली, तमिळ, अरबी सगळेच अंक स्वीकारतो आणि एवढा दिलदारपणा हिशेबाच्या फाइलीत मला नको असतो. बेरीज १२५ आली. वही बरोबर होती.

भावाच्या रकान्यातला स्वल्पविरामही बघून घ्या. "1,250" मध्ये काही मिळवायला गेलात तर पर्ल स्वल्पविरामापाशी थांबतो आणि भाव धरतो एक रुपया. आधी टीआर/,//डी ने स्वल्पविराम काढा, मग तपासा: /^[0-9]+$/. सुरुवात आणि शेवट दोन्ही बांधले नाहीत तर "1250?" हेही चालून जाईल, आणि मुनीमजी शंका असली की प्रश्नचिन्ह टाकतात.

शेतकऱ्याचा ऱ

शेवटी "कुणाकडून" या रकान्यावरून शेतकऱ्यांचा माल वेगळा काढायचा होता. काही ओळी निसटत होत्या, आणि डोळ्यांना शब्द अगदी सारखा दिसत होता. मराठीपुरती ही अडचण खास आपली आहे, म्हणून जरा थांबतो.

"ऱ्या" तीन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. एक, ऱ हे स्वतंत्र चिन्ह, मग हलंत, य, काना. दोन, साधा र आणि त्याला नुक्ता (अक्षराखालचं टिंब), मग हलंत, य, काना. तीन, साधा र, हलंत, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह, मग य, काना. पडद्यावर तिन्ही "ऱ्या". लेंग्थ मात्र पहिल्याची ४, बाकी दोघांची ५. कोणता येईल ते कळफलकावर आणि फाइल कुठून रूपांतर होऊन आली यावर असतं.

दुसरा प्रकार युनिकोड::नॉर्मलाइझ या मोड्यूलमधल्या एनएफसी या फंक्शनने पहिल्यात येतो. मोड्यूल पर्लसोबतच मिळतं. तिसरा येत नाही, कारण युनिकोडच्या नियमांत तो या दोघांचा समतुल्य धरलेला नाही. मी असं करतो: ओळीची एक प्रत घेतो, एनएफसी लावतो, जॉइनर (२००डी) काढून टाकतो आणि ऱ चा र करतो. पॅटर्न या प्रतीवर, आणि तोही तसाच साध्या र ने लिहिलेला. रेफ देऊन "शेतकर्याकडून" असं चुकीचं लिहिलेलंही यात सापडतं.

पण ही प्रत फक्त जुळवण्यासाठी. छापायची मूळ ओळच. शिवाय यात "दर्या" आणि "दऱ्या" एक होतात, समुद्र आणि डोंगरदऱ्या. संत्र्याच्या आवकीत कुणी दर्यावर जात नाही म्हणून चालतं. शब्दकोशाचं काम करत असाल तर चालणार नाही.

चाचणीची फाइल

हे सगळं झाल्यावर भाच्याला एक वेगळी फाइल करायला लावली. तिच्यात त्या दिवशी फसलेल्या ओळी, प्रत्येक प्रकारची एक: देवनागरी आकडे, जॉइनरवाला ऱ, कोरा शेवटचा रकाना, एमपीची गाडी, प्रश्नचिन्हाचा भाव. पॅटर्न बदलला की आधी त्या फाइलवर चालवायचा, मग खऱ्या फाइलवर. रकान्यांत अवतरणं आणि त्यांच्या आतच रेघा यायला लागल्या तर स्प्लिट सोडून टेक्स्ट::सीएसव्ही मोड्यूल घ्या. तिथे रेगेक्सने लढणं म्हणजे उगीच हमाली.

लॅरी वॉलने १९८७ मध्ये पर्ल बाहेर आणलं ते असल्याच कामांसाठी, मजकुराच्या फाइली उपसून त्यातून अहवाल काढायला. त्याला कळमन्याच्या मुनीमजींची कल्पना नसावी. परवा त्या चाचणीच्या फाइलीत नवी ओळ पडली. एल्समधल्या वॉर्नने पकडून दिलेली: ४ च्या पुढे शून्याच्या जागी इंग्रजी ओ. भाच्याने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, याले काय करू?" मी लिहिलं, पॅटर्नले हात लावू नको, मुनीमजींले फोन कर.